कॅरमची शेवटची सोंगटी

दादाच्या रजेची ती शेवटची दुपार. तो रणगाड्यावर तोफची होता, मी वर्तमानपत्रात उपसंपादक. रविवारच्या पुरवणीला रणगाडाभेदी गोळ्यांवर लेख हवा होता, म्हणून भांडुपच्या आमच्या खोलीत मी त्याला प्रश्न विचारत होतो. वहिनी त्याची ट्रंक भरत होती. लग्न झाल्यापासून दादा तिला एकच सांगत आला होता : पोलाद जाड असतं, आत काही होत नाही. त्या भरवशावर ती राहत होती.

दादा बसत नव्हता. खिडकी ते दार फेऱ्या चालल्या होत्या.

"एक म्हणजे जड धातूची सळई. स्फोटक नाही, नुसता वेग. दुसऱ्यात तांब्याचं नरसाळं. मागची दारू उडाली की त्याची बारीक धार होते, ती पोलादात घुसते."

"म्हणजे पोलाद वितळवते."

"वितळवते काय रे? वेल्डिंगचं दुकान आहे? सगळे पेपरवाले हेच छापतात. दाबाने बाजूला सारते."

"आणि पोलाद जाड असलं तर?" वहिनीने विचारलं.

"तर अडतं. तेच सांगतो ना तुला."

ती पुन्हा घड्या घालू लागली.

"तिसरा गोळा भोक पाडतच नाही. शेणी थापावी तसा बाहेर चिकटतो, मग फुटतो."

"भोक नाही, तर आतल्यांना काय होणार?" मला पटेना.

दादा चिडला. त्याने कॅरम ओढला, सोंगट्या एकीला एक चिकटवून रांगेत लावल्या आणि स्ट्रायकर मारला. पहिली जेमतेम हलली. शेवटची सुटली ती पलीकडच्या कडेवर आपटली.

"ही रांग म्हणजे पोलाद. दणका बाहेर बसतो, टवका आतून उडतो. मग तो आत कुणाला सोडत नाही."

बोलून झाल्यावर त्याने मान वळवली. वहिनी उठून आली होती. शेवटच्या सोंगटीची जागा रिकामी होती, तिच्या पलीकडे तिने बोट टेकवलं.

"तुम्ही इथे बसता?"

"अगं, टवके अडवायला आतून अस्तर लावतात हल्ली."

"तुमच्या रणगाड्याला लावलंय?"

"लावतील."

ट्रंक भरत आली होती. तिने सगळे कपडे बाहेर काढले आणि पहिल्या शर्टापासून पुन्हा घड्या घालायला घेतल्या.

"गाडी संध्याकाळची आहे," दादा खिडकीपाशी थांबून म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.