सुपरहिरोला हसायची परवानगी कोणी द्यायची?

शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जर्मनीतलं इंगोलश्टाट, एका वसाहतीचा तळघरातला हॉल. बारा माणसं आणि मी, एक प्रोजेक्टर, एक पातेलं साबुदाण्याची खिचडी. सिनेमा सहाला सुरू व्हायचा होता. पुढे सव्वासात झाले तरी सुरू झाला नव्हता, कारण सुपरहिरोने विनोद करावेत की नाही, यावर एकमत होत नव्हतं.

तीस वर्षं मी नाशिकला महापालिकेच्या सभांच्या बातम्या दिल्या. पाण्याच्या पाइपलाइनवरून माइक उपटलेले पाहिले. पण लेकीकडे राहायला आल्यापासून या मराठी इंजिनियरांच्या फिल्म क्लबात जे बघतेय, ते तिथेही बघितलं नव्हतं. दर शनिवारी एक तरी किस्सा पदरात पडतो. वही भरली. आता सांगून टाकलेलं बरं.

गंभीर पक्षाचे प्रमुख पटवर्धन. एका मोठ्या कार कंपनीत विभागप्रमुख. सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात आणि ते म्हणू देतात. त्यांचं म्हणणं एकच: "जग बुडायला आलंय आणि हा कोट्या करतो? ब्रेक फेल झाल्यावर आपण कोट्या करतो का?"

विनोदी पक्षाचा प्रमुख संदीप भोईटे, साताऱ्याचा. कारच्या दारांची लॉक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करतो. त्याचं काँट्रॅक्ट सप्टेंबरअखेर संपणार होतं. दुसरी नोकरी मिळाली नाही तर बायको-मुलीसकट परत जायची वेळ. पटवर्धनांच्या विभागात एक जागा निघाली होती, तिथे त्याने अर्ज केला होता. शब्द टाकायचा पटवर्धनांनी. हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आणि तरी तो बोललाच. "साहेब, तुमचा हिरो चालत्या गाडीचं दार दोन बोटांनी उपटतो. तसलं लॉक मी महिना महिना मशीनवर उघडून-मिटून बघतो, तुटत नाही. मी हसू नको तर काय करू?"

सगळे हसले. पटवर्धनांनी चष्मा पुसला.

*

पुढच्या शनिवारी पटवर्धन एक्सेल शीट घेऊन आले. प्रत्येक सिनेमापुढे रकाना: दर दहा मिनिटांना विनोद किती. तीनच्या वर गेले की तो सिनेमा 'हलका'. हलक्या सिनेमांना महिन्यातला शेवटचा शनिवार, बाकी सगळे शनिवार गंभीर. आणि गंभीर सिनेमाला कोणी हसायचं नाही.

मतदान झालं. सहा विरुद्ध सहा.

मी हात वर केला. पटवर्धन म्हणाले, "मावशी, तुम्ही पाहुण्या. तुम्हाला मताधिकार नाही."

मी म्हटलं, मग दर शनिवारी खिचडी कोण करतं, तेही लिहा तुमच्या इतिवृत्तात.

लिहिलं त्यांनी. अजून आहे ते इतिवृत्त. अध्यक्षांच्या, म्हणजे त्यांच्याच, निर्णायक मताने ठराव मंजूर, आणि त्याखाली: 'खिचडी, पाहुण्यांकडून.'

*

मग हाउसमाइस्टरचं पत्र आलं. हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, पण इथे त्याचा रुबाब आपल्याकडच्या फौजदाराचा. वरच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार होती: शनिवारी सहा चाळीसला, सात पाचला आणि सात एकतीसला हॉलमधून हसण्याचा आवाज आला.

आता त्या दिवशीचा सिनेमा मी बघितलेला. अडीच तास नुसती शहरं कोसळत होती. पूल पडले, विमानं आपटली, एक अख्खा डोंगर फुटला. त्याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती!

पटवर्धनांनी ते पत्र लॅमिनेट करून हॉलच्या दारावर लावलं. खाली एक ओळ वाढवली: 'बाहेरच्यांनाही कळतं.'

*

हा किस्सा या सगळ्याच्या आधीचा, माझ्या जावयाने, अनिकेतने सांगितलेला. तो पटवर्धनांच्याच ऑफिसच्या इमारतीत बसतो. इकडे फेब्रुवारीत फाशिंग असतो, तेव्हा लोक ऑफिसात वेष करून येतात. कोणी मधमाशी, कोणी समुद्री चाचा. एक दिवस हसतात-खिदळतात, बिअर पितात, संपलं.

पटवर्धन सुपरहिरो होऊन आले. काळा पोशाख, छातीवर चिन्ह, पाठीवर घोट्यापर्यंत केप. आणि तशाच वेषात त्यांनी नऊची मीटिंग घेतली. विषय, स्टिअरिंगमधला दोष. केप खुर्चीच्या चाकात जाऊ नये म्हणून घडी करून मांडीवर ठेवलेली. समोर मधमाशी बसलेली, तिलाही त्यांनी डेडलाइनवरून झापलं. एक तास. कोणाची हसायची हिंमत झाली नाही. ते साहेब होते ना!

त्या शनिवारी हॉलमध्ये येऊन आम्हाला म्हणाले, "बघा, गंभीरपणे केलं की लोक गंभीरपणे घेतात."

संदीप पाणी पीत होता. त्याचं पाणी नाकातून आलं. त्याच्या बायकोने, वैशालीने, त्याला कोपराने असं ढोसलं की पेलाच पडला.

*

या वैशालीचं मला वाईट वाटतं. मुळात ती विनोदी पक्षातली. पण अर्ज गेला त्या दिवसापासून ती जाऊन गंभीर बाजूच्या खुर्चीवर बसायला लागली.

एका दुपारी मी त्यांच्याकडे डबा परत द्यायला गेले. दार त्यांच्या आठ वर्षांच्या इराने उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत काय चाललं होतं? सराव! लॅपटॉपवर जगातले सगळ्यात हास्यास्पद सुपरहिरो प्रसंग लावलेले, संदीप समोर ताठ बसलेला, आणि वैशाली त्याच्या चेहऱ्याकडे बघतेय. इरा फोनवर वेळ लावत होती. हसू आलं की पुन्हा पहिल्यापासून.

"मावशी, बघा ना," वैशाली म्हणाली, "माणूस दोन मिनिटंसुद्धा तोंड सरळ ठेवत नाही. शाळा बदलायला लागेल हिची."

संदीप म्हणाला, "अगं, मुलाखतीत काय मला केप घालून विचारणार आहेत?"

वैशाली हसली नाही. इराने "नॉखमाल," म्हटलं, म्हणजे पुन्हा एकदा, आणि घड्याळ शून्यावर आणलं.

एका तिशी ओलांडलेल्या, शिकलेल्या, कामात चोख माणसाला नोकरीसाठी न हसण्याचा सराव करावा लागतो. मला इतका संताप आला की मी डबा न देताच परत आले.

*

आता शेवटचा.

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. सिनेमा गंभीर वर्गातला, पटवर्धनांनी स्वतः निवडलेला. एक तास चाळीस मिनिटं संदीप दगडासारखा बसून होता. वैशाली मधूनमधून त्याच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा सैल होत चालला होता.

मग तो प्रसंग आला. हिरोचे म्हातारे गुरू जळत्या गाडीत, मागच्या सीटवर अडकलेले. आतून हँडल ओढतायत, दार उघडत नाही. बाहेर हिरो गुडघ्यावर बसून काचेला कपाळ लावून रडतोय. व्हायोलिन. हॉलमध्ये कोणीतरी नाक ओढलं.

संदीप हळूच बोलला, स्वतःशीच. पण व्हायोलिन नेमकं थांबलं होतं.

"अरे, चाइल्ड लॉक आहे ते. बाहेरून उघड की."

आधी अनिकेत फुटला. मग सगळी विनोदी बाजू, मग अर्धी गंभीर बाजू. सगळ्यात मोठ्याने सौ. पटवर्धन. पडद्यावर गुरू मेले ते कोणी बघितलंच नाही. वैशालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ती हसत होती की काय, ते मला सांगता येणार नाही.

पटवर्धन उठले. सात वाजून बेचाळीस मिनिटं. मी घड्याळ बघते, सवय आहे. फोन हातात घेऊन जिन्याने वर गेले. तळघरात रेंज येत नाही. पंधरा मिनिटांनी परत आले, जागेवर बसले आणि शेवटपर्यंत सिनेमा बघितला.

सिनेमा संपल्यावर आम्ही सगळे वर आलो. रेंज आली तसे सगळ्यांचे फोन वाजले. संदीपने स्वतःचा बघितला आणि वैशालीच्या हातात दिला. अर्ज केलेल्या कंपनीची आबझागे होती, म्हणजे नकार. दोन ओळी. मुलाखतीला अजून बोलावलंसुद्धा नव्हतं.

रविवारी मी पटवर्धनांना फोन केला आणि सरळ विचारलं. ते म्हणाले, "आल्झो, हे बघा मावशी, ते पर्सोनाल विभागाचं काम, भरती ते बघतात. माझा संबंध नाही." मी विचारलं, मग जिन्यात कोणाशी बोलत होतात? "पुण्याला, आईशी." पुण्यात तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेले होते.

सोमवारी माझ्यासमोर संदीपने पर्सोनाल विभागाला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, निर्णय संबंधित विभागाचा असतो, आम्ही फक्त कळवतो.

या देशात शुक्रवारी दुपारी दोननंतर ऑफिसातला फोन कोणी उचलत नाही. संदीपच्या नकारावरची वेळ आहे शनिवार, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटं.