बिनसांध्याची भिंत

सांधेकाका हॉटेलात शिरले की आधी मेन्यू नाही, टेबलाचा सनमायका वाचायचे. त्यावरच्या लाकडी नक्षीतली एखादी गाठ पकडून बोट सरकवत न्यायचे, वीतभर पुढे थांबायचे आणि म्हणायचे, "हं, आली परत. पकडली लबाडी." मग चहा. स्वारगेटच्या बसमध्ये सीटच्या रेक्झिनवरही तेच. शेजारचा प्रवासी बिचारा अंग चोरून बसायचा.

हिंजवडीतल्या आमच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत भिंती, फरश्या, माती रंगवणारे काका आणि मी, दोघंच. कॉम्प्युटरवर एक चौकोनी तुकडा रंगवायचा आणि तोच शेजारी शेजारी लावत अख्खा किल्ला उभा करायचा. कडा जुळल्या नाहीत तर सांधा दिसतो. काका चित्र अर्धं सरकवून कडा मधोमध आणायचे आणि सांधा असा बुजवायचे की त्यांचा त्यांनाही सापडू नये. मी सगळं त्यांच्याकडेच शिकले. माझी पहिली विटांची भिंत बघून चष्मा वर करत म्हणाले, "अहो, ही भिंत आहे की बुंदीच्या लाडवांचं ताट?" मी दोन दिवस रुसले, मग तीच भिंत सात वेळा रंगवली. वडिलांखालोखाल मी कुणाचं ऐकलं असेल तर त्यांचं.

"डोळ्यात भरेल असं काही ठेवायचं नाही," हा त्यांचा लाडका धडा. "गालावर एक तीळ शोभतो. शंभर झाले की देवीचे व्रण."

एका गेमसाठी जुनी दगडी भिंत हवी होती. मी आमच्या गावच्या विहिरीची रंगवली. ती विहीर आता एका टॉवरच्या पार्किंगखाली आहे. तीन आठवडे दगड न् दगड आठवत बसले. एका दगडावर आजोबांनी छिन्नीनं आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं, तेही रंगवलं. काका म्हणाले, "सुरेख. पण हे अक्षर घात करील, दर तुकड्यात उठून दिसेल." मी हसत पुसलं. वर म्हणाले, "आता चित्राचे सगळे थर एक करा, जुन्या फाइली उडवा आणि मला पाठवा." तेही केलं.

त्याच महिन्यात कंपनीनं आमच्यातला एकच ठेवायचं ठरवलं. मीटिंगमध्ये माझी विहीर पडद्यावर आली आणि काका शांतपणे म्हणाले, "ही माझी." मी तोंड उघडेपर्यंत पुढचं चित्र आलं होतं. नंतर जिन्यात त्यांना गाठलं.

"काका, ती भिंत माझी आहे."

"आपलं नाव कुठे आहे तिच्यात? दाखवा."

त्यांची पन्नाशी उलटलेली, दुसरीकडे कोण घेणार, हे मला कळत होतं. मागितली असती तर कदाचित दिलीही असती. पण ते अक्षर पुसायला लावलं तो धडा होता की डाव, हे अजून कळत नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

गेम आला तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होते. मोबाईलवर अण्णांना, माझ्या वडिलांना, दाखवला. बघताक्षणी ओरडले, "अगं, ही तर आपली हीर हाय!" मग गेम बनवणाऱ्यांची शेवटी येणारी नावं मी वाचून दाखवावीत असा त्यांनी हट्टच धरला. माझं नाव त्यात नव्हतं. भिंतींच्या कामापुढे एकट्या काकांचं होतं, ते मला मोठ्यानं वाचावं लागलं.

अण्णा म्हणाले, "ह्यो मानूस कवा आला हुता आपल्या हिरीवर?"