ऑइलमन मडिवाळप्पाची फटफटी

मडिवाळप्पानं लालसाबला पहिल्यांदा पाहिलं ते अर्धंच. कमरेखालचा लालसाब शुक्रवार पेठेत होता आणि कमरेवरचा एका लग्नाच्या हंड्यात. हंडा असा की त्यात बसून दोघांना भांडता आलं असतं आणि तिसऱ्याला ते भांडण सोडवता आलं असतं. त्याच्या पोटातून आवाज आला, "कोन हाय?" तांब्यावर आपटत, घुमत तो आवाज बाहेर पडला तेव्हा शेजारच्या किराणा दुकानातली मांजर तुरीच्या पोत्यावरून खाली उतरली आणि मडिवाळप्पानं नकळत चपला काढून हात जोडले.

"मी मडिवाळप्पा," तो म्हणाला.

"काय गळतंय?" हंड्यानं विचारलं.

मडिवाळप्पानं मागं वळून पाहिलं. ज्या बोळातून तो आला तो बोळ निळ्या धुरात बुडाला होता. समोरच्या शिंप्यानं सकाळी अकरा वाजता दिवा लावला होता. पेठेच्या कोपऱ्यापासून दुकानाच्या पायरीपर्यंत काळ्या थेंबांची अशी सरळ रांग लागली होती की नगरपालिकेच्या माणसालाही तितकी सरळ आखता आली नसती.

"सगळंच," मडिवाळप्पा म्हणाला.

तेव्हा कुठं उरलेला लालसाब बाहेर आला. आवाजाच्या मानानं तो फारच थोडका निघाला. काजळी लागलेली दाढी, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा आणि हातात झाळ द्यायचा खाऱ्या. लालसाब गळक्या वस्तू दुरुस्त करायचा. हंडे, घागरी, बंब, स्टोव्ह, कंदील. पस्तीस वर्षांत त्यानं सोलापुरातली इतकी भोकं बुजवली होती की सगळी एकाजागी केली असती तर त्यातून हत्ती गेला असता. भोक दिसलं की त्याचा हात आपोआप खाऱ्याकडं जायचा. जावई म्हणून मुलगा बघायला गेला तेव्हासुद्धा त्यानं आधी त्यांच्या पाण्याच्या पिंपाचं बूड तपासलं होतं, असं लोक सांगत.

पायरीपाशी उभी होती ती सायकल. तिच्या पायडलांच्या मध्ये मुठीएवढं एक परदेशी इंजिन बसवलेलं होतं. मडिवाळप्पा जिथं कामाला होता त्या मिलमधल्या विव्हिंग मास्तरांनी ती जुनी फटफटी गाव सोडताना त्याला दिली होती. देण्यामागं कारण होतं. मडिवाळप्पा बावीस वर्षं मिलमध्ये ऑइलमन होता. हातात तेलाचा डबा घेऊन या मागावरून त्या मागावर जायचं आणि प्रत्येकाच्या सांध्यात तेल सोडायचं. मागांना तेल मिळालं आणि मडिवाळप्पाच्या छातीला कापसाची धूळ. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सायकल मारायची नाही, जिना चढायचा नाही आणि चिडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टींमुळं मिल सुटली. तिसरी त्यानं बायकोला सांगितली तेव्हा गुरम्मा म्हणाली, "मग माझ्याकडं बघत जाऊ नका."

पण घर चालवलं ते गुरम्मानंच. ती ज्वारीची कडक भाकरी करायची. पापडासारखी पातळ, मोडली की खोलीभर आवाज जाईल अशी. रोज दीडशे भाकऱ्या. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, टोपलीत रचून, फटफटीच्या कॅरिअरला बांधून मडिवाळप्पा त्या स्टेशनजवळच्या सावित्रम्मांच्या खानावळीत पोचवायचा. सुरुवातीला गुरम्मा मागून ढकलायची, वीस पावलं पळायची, इंजिन फट म्हणायचं आणि मडिवाळप्पा जायचा. त्या घरात दुसरं काही येत नव्हतं. बहात्तर साल होतं, पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. धडधाकट माणसं खडी फोडायला चालली होती. जिना न चढणाऱ्या माणसाला काम कोण देणार?

आणि त्या इंजिनानं तेल ओकायला सुरुवात केली. आधी थेंब, मग फवारा, आणि फवारा थेट मागच्या टोपलीवर.

"मडिवाळप्पा," सावित्रम्मा त्या शुक्रवारी म्हणाल्या होत्या, "काल एक गार्ड जेवायला बसले. म्हनाले, भाकरी झकास हाय, पन कुठल्या इंजिनावर भाजली ती?"

"फडकं बदलतो की, आक्का."

"फडकं तीनदा बदललंस. सोमवारपातूर बघते. सोमवारी वास आला तर मंगळवारपासनं बाळीवेशीतल्या भाकरीवाल्या बाईकडनं घेणार."

गावातले स्कूटरवाले मेकॅनिक त्या इंजिनाला हात लावत नव्हते. त्यांना ठाऊक होत्या त्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात. याच्या पोटात तेल निराळं असतं हे ऐकून ते गालात हसत आणि चहा मागवत. म्हणून रविवारी मडिवाळप्पा हंड्यापाशी आला होता.

लालसाब उकिडवा बसला. चष्मा पुसून त्यानं इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला करंगळीएवढी एक तांब्याची नळी बाहेर आली होती. तिच्या टोकाला तेल लोंबत होतं.

"हे बघ," लालसाब म्हणाला. "भोक."

"मास्तर म्हनले होते, त्या नळीला हात लावू नको."

"मास्तर काय करत होता?"

"कापड."

"मग कापडाला हात लावू नको."

 लालसाबनं नळी पुसली, नवसागर लावला, कथील वितळवलं आणि नळीचं तोंड असं बंद केलं की जणू ते कधी उघडंच नव्हतं. मग त्यावर बोट आपटून तो म्हणाला, "आता ही तुझ्यामागं राहील, आप्पा. इंजिन जाईल, झाळ जानार न्हाय."

सोमवारी सकाळी मडिवाळप्पानं इंजिनाला तेल पाजलं. रोज पाजायचा. कामाला जाणाऱ्या जनावराला उपाशी ठेवू नये, तसं. त्या दिवशी निकाल लागायचा होता म्हणून चार घोट जास्तच. गुरम्मानं ढकललं. मधल्या मारुतीच्या देवळापर्यंत त्यानं तीनदा मागं वळून पाहिलं. रस्त्यावर एक थेंब नव्हता. फडकं दुधासारखं पांढरं. त्याला वाटलं, आज सावित्रम्मांकडं बसून एक भाकरी आपणही खाऊन यावी.

नवी पेठ ओलांडल्यावर इंजिनाचा सूर बदलला. ते आतल्या आत कण्हायला लागलं. पोट फुगलेल्या म्हशीसारखा त्याला ढेकर येत होता, पण बाहेर पडत नव्हता. तेल ओतायच्या भोकाचे आटे झिजलेले होते, म्हणून तिथं दोरा गुंडाळून बूच बसवलेलं होतं. ते बूच ठाप करून उडालं, मडिवाळप्पाच्या गुडघ्याला घासून गेलं आणि उभ्या टांग्याच्या टपावर आदळलं. घोडा दोन पायांवर झाला. बुचाच्या मागोमाग तेल आलं. गरम, काळं, रोजचं साठलेलं. धोतरावर, पाठीवर, आणि दीडशे भाकऱ्यांवर. इंजिनाच्या जोडात बसवलेलं कागदी गॅस्केटही फाटलं आणि उरलंसुरलं तिथून आलं.

त्यानं गाडी खानावळीपर्यंत ढकलत नेली. सावित्रम्मांनी फडक्याची गाठ सोडली. वरच्या भाकरीचा कोपरा मोडला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुज्या घरचं मला म्हाईत हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन जेवनाऱ्याला मी काय सांगू? उद्यापासनं येऊ नको, मडिवाळप्पा."

परत येताना टोपली तशीच होती, फक्त जड झाली होती. अर्ध्या वाटेत छाती आवळली. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. श्वास आत जात होता तेवढा बाहेर येत नव्हता. ज्याचा घोडा उधळला होता तोच टांगेवाला येऊन पाणी देऊन गेला, आणि थोड्या वेळानं त्यालाच टांग्यात घालून घरी घेऊन आला. फटफटी मागं दोरीनं बांधलेली.

चारच्या सुमारास लालसाब आला. माफी बिफी काही मागितली नाही. हत्यारांची पेटी दारात ठेवली आणि तिच्यावर बसला. आत मडिवाळप्पा उशीला टेकून बसला होता. त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. गुरम्मा चुलीपाशी होती. पीठ मळून झालं होतं, आणि मळलेल्या पिठाला खानावळ बंद झाल्याचं कोणी सांगितलेलं नव्हतं.

"झाळ सुटली न्हाय, वैनी," लालसाब म्हणाला. "मी बघून आलो. बाकीचं सगळं फुटलं, झाळ तशीच हाय."

 तव्यावरची भाकरी फुगली. गुरम्मानं फडक्यानं एक कड दाबली, तशी दुसऱ्या कडेला भाकरी फाटली आणि तिथून वाफ सूं करून गेली.

"बघितलं का, भाऊजी?" ती म्हणाली. "वाफ हिकडनं दाबली की तिकडनं फुटते. तुमी त्याची वाफ जायची जागा बुजवलीत."

लालसाब भाकरीकडं बघत बसला. दुसरी भाकरी आली, फुगली, फाटली. तिसरी आली. पस्तीस वर्षांत भोक म्हणजे वस्तूचा आजार, एवढंच त्याला माहीत होतं. काही भोकं वस्तूला जिवंत ठेवायला असतात, हे त्याच्या गळी उतरायला पाच भाकऱ्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची झाळ वितळवून काढली. चेहरा असा, की बघणाऱ्यानं मयत निघाल्यासारखी टोपी काढावी. गॅस्केट जाड कागदाचं नवं कापलं.

"पन तेल पुन्ना येईल की," मडिवाळप्पा म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता.

"बघू किती हाय आत." गॅस्केट बसताच मडिवाळप्पानं नेहमीसारखं पाजलेलं तेल लालसाबनं खालचा बोल्ट काढून सोडलं. एक पेला भरला. दुसरा अर्धा भरला. तेल मोजायची काडी त्यानं उजेडात धरली. काडीवर एक खूण होती, तेलाच्या ओलीच्या बोटभर खाली. "ही कसली खूण?"

"कमीत कमीची."

"कोन म्हनलं?"

मडिवाळप्पानं शेजारचा तेलाचा डबा पाठीमागं सारला.

"आप्पा, ही जास्तीत जास्तीची खूण हाय. निघालं त्याच्या निम्मंसुद्धा लागत न्हाय ह्याला. तू काय, रोज भरतोस?"

"मिलमध्ये तेल कमी पडलं तर साहेब बोलायचा," मडिवाळप्पा म्हणाला. "जास्त पडलं म्हनून बावीस वर्षांत कुनी बोललं न्हाय."

दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. एकानं त्या इंजिनाला ओकेपर्यंत पाजलं होतं आणि दुसऱ्यानं त्याचं तोंड दाबलं होतं.

तेल खुणेपर्यंत आणलं तरी थोडं धुरकट तेल नळीतून येतच राहिलं. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या आणि तसल्या रिंगा पुण्यातही मिळत नव्हत्या. मग लालसाबनं स्टोव्हची जुनी नळी जोडून ती वर सीटखाली नेली आणि एका रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात सोडली. डब्यात मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा गुंता कोंबला. तेल सुतात अडकावं, हवा पुढं जावी. झाकणाला झाळ दिली. आता फक्त हवा जायला डब्याच्या वरच्या बाजूला एक भोक पाडायचं राहिलं होतं.

लालसाबनं खिळा टेकवला, हातोडी उचलली आणि खाली आणली. परत उचलली. डबा नवा होता, कुठं पोचासुद्धा नव्हता.

"मार की," डबा धरून बसलेला मडिवाळप्पा म्हणाला.

"धड डबा हाय, आप्पा."

"म्हनून तर."

लालसाबनं डोळे मिटले आणि हातोडी मारली. मग उठून, हात धुऊन, तो कुणाशी न बोलता दुकानाकडं गेला. त्या दिवशी त्यानं दुसरं काम घेतलं नाही.

गुरम्मानं फडकी धुण्याच्या सोड्यात उकळली. चार दिवस मडिवाळप्पानं रिकामी टोपली बांधून, फडक्यावर डाग पडतो का बघत, पेठेत चकरा मारल्या. पाचव्या दिवशी तो वीस भाकऱ्या घेऊन खानावळीत गेला आणि दारात उभा राहिला. सावित्रम्मांनी भाकरी मोडली, वास घेतला, मग फडक्याचा वास घेतला, मग बाहेर येऊन वाकून सीटखालच्या डब्याचा वास घेतला.

"ह्याला वास येतोय."

"त्यालाच यायला पायजे, आक्का."

बाळीवेशीतल्या बाईच्या भाकऱ्या जाड होत्या आणि गार्डांनी त्यावरही काहीतरी म्हटलं होतं. सावित्रम्मांनी दुसऱ्या दिवसापासून दीडशे भाकऱ्या पुन्हा सांगितल्या.

त्या एक महिना आणि नऊ दिवस चालल्या. मग बाजारातून ज्वारी नाहीशी झाली आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, आली. मिलोच्या पिठाची कडक भाकरी होत नाही. खानावळीत चपात्या सुरू झाल्या आणि फटफटी दारातच उभी राहिली.