गिझरमधलं शेवटचं पाणी

सहा महिन्यांसाठी लेकीकडे निघालो की घर बंद करताना नळांचं खातं माझ्याकडे असतं. साचलेलं पाणी वास मारतं, म्हणून मेन कॉक बंद करायचा, सगळे नळ उघडायचे आणि शेवटी गिझर रिकामा करायचा.

आज गिझरची खालची नळी सोडवली, तर कपड्यांच्या टबात पडणारं पाणी चांगलंच गरम होतं. वाफ तोंडावर आली आणि आईचा तांब्याचा बंब आठवला. मे महिन्यात मामाकडे निघायच्या दिवशी आई बंबातला विस्तव लवकर काढायची, पण उरलेलं पाणी फेकू द्यायची नाही. आम्हा भावंडांना ओळीनं बसवून त्यात पाय बुडवायला लावायची. म्हणायची, "घरची ऊब आहे ती, टाकून जायची नाही." एसटी चुकेल म्हणून बाबा दारातून ओरडत राहायचे. तेव्हा परत येऊ की नाही, ही शंका मनाला शिवायचीही नाही. आता कुलूप हातात घेतलं की शिवते.

मी टब मोरीकडे ओढू लागलो, तशी ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ओतू नका! सासूबाई काय म्हणायच्या, विसरलात?"

"अगं, गाडी येईल आता."

"आली तर थांबेल."

तिनं दोन स्टुलं ओढली. टबात चार म्हातारे पाय कसेबसे मावले. खाली हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. पाणी निवेपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.