जीभ चुरचुरली पाहिजे

थेंबनानांसमोर शिंकायची सोय नव्हती. शिंक पुरती बाहेर पडायच्या आत नानांचा हात सदऱ्याच्या खिशात जायचा आणि काळपट बाटली बाहेर यायची. "आ करा, सूनबाई!" मी त्यांची सून नव्हते, शेजारच्या घरात लग्न होऊन आले होते. पण सिडकोतल्या त्या गल्लीतल्या सगळ्याच सुना नानांच्या सुना होत्या आणि सगळ्याच त्यांच्या रोगी.

बाटलीत इचिनेशियाचा अर्क. अमेरिकेत एक जांभळं फूल असतं म्हणे, मधोमध काटेरी बोंड असलेलं, त्याच्यापासून केलेलं हे औषध. गुलमंडीजवळच्या होमिओपॅथीच्या दुकानातून नाना ते आणायचे. पडसं, गळू, तोंड येणं, विंचू चावणं, पोराचं लग्न न जमणं, सगळ्यावर दहा थेंब. "रक्त साफ, तर माणूस साफ!" थेंब पडले की जीभ चुरचुरायची. नाना डोळे बारीक करून विचारायचे, "चुरचुरतंय का? मंग अस्सल हाय!" नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती, नाहीतर आणखी दहा.

आणि लोक बरे व्हायचे हो! पडसं काय, आठवड्यात तसंही जातंच. पण श्रेय नानांचं. गळू फुटलं तर अर्कामुळे, नाही फुटलं तर तुम्ही पथ्य मोडलंत म्हणून. असा वैद्य हरणार तरी कधी?

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतीला पाणी सोडलं आणि जायकवाडीनं तळ दाखवला त्या दुष्काळात नेमकी यांना शेतीची हौस आली. अमेरिकेतल्या मुलानं त्या फुलाचं बी धाडलं होतं. शहर चहूकडून फुगत होतं, शेतांवर बंगले उठत होते आणि नळाला आठवड्यातून एकदा करंगळीएवढी धार. आम्ही भाजी धुतलेलं पाणी संडासात वापरत होतो, आणि नाना गच्चीवर अख्खं पिंप त्या रोपांसाठी राखून बसलेले. "टँकरचं पाणी नाय चालत त्याला, नळाचंच लागतं!" जावयाचे झाले नसतील एवढे लाड!

आरोग्य खात्याच्या बायका दारोदार सांगत फिरायच्या, की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा, साठल्या पाण्यात डास होतात, डेंग्यू येतो. आम्ही पाणी फडक्यानं गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचो, कुरकुरत का होईना. नाना त्या बायकांना जिन्यातच अडवायचे. "डास माझ्या रक्ताला तोंड लावत नाय. साफ हाय ते!" वर त्यांनाही दहा-दहा थेंब.

डासांनी नानांचं ऐकलं. त्यांनी माईंना धरलं.

माई म्हणजे नानांची बायको. माहेर पिशोरचं, बोलणं कमी आणि नेमकं. ताप चढला, हाडं ठणकू लागली, आणि नाना आपले थेंब देताहेत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "ताप भाईर पडतोय, पडू द्या." एका दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तर माईंच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि नाना चमचा धरून उभे होते. "रक्त साफ होतंय, सूनबाई," म्हणाले, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं डोकंच फिरलं. "नाना, बाई मरेल तुमची! व्हा बाजूला!" मी रिक्षा बोलावली. माईंना तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर आणून उपयोग नव्हता. नाना बाकावर बसून होते. समोर चार माणसं शिंकली, खोकली, पण बाटली खिशातून निघाली नाही.

माई वाचल्या. घरी आल्या त्या भिंत धरत धरत थेट गच्चीवर. पिंपावरची फळी सारली, आत अळ्या वळवळत होत्या. मी हात लावायला गेले तर माईंनी तो झटकला आणि एकटीनं पिंप लवंडलं. "घ्या तुमची शेती," एवढंच नानांना म्हणाल्या. फूल एकही आलं नव्हतं.

काही दिवस नानांनी बाटली बाहेर काढली नाही. मग पुन्हा खिसा, पुन्हा बाटली. जित्याची खोड, दुसरं काय! फक्त ताप असला तर थेंब देऊन वर सांगायचे, "आता डॉक्टरला दाखवून या."

काही वर्षांनी नानांच्याच छातीत पाणी झालं. दवाखान्यात त्यांनी खुणेनं बाटली मागितली. माईंनी डॉक्टरांना विचारून जिभेवर थेंब सोडले. नानांचा चेहरा खुलला. "चुरचुरतंय," म्हणाले. "अस्सल हाय." दुसऱ्या सकाळी गेले. मी खूप रडले. ज्यांना वर्षानुवर्षं हसले, त्यांच्यासाठी इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

तेरावं उरकल्यावर ती बाटली मी माईंकडे आठवण म्हणून मागितली.

"ने की," माई म्हणाल्या. "अक्कलकारा हाय त्यात."

अक्कलकारा म्हणजे आपल्याकडची पिवळी बोंडं, बोबड्या पोरांच्या जिभेला चोळतात ती.

"तापातून उठले तवाच मी यांचं औषध मोरीत ओतलं. यांनी नवी बाटली आणली की मी तीबी ओतायचे आन् बोंडं भिजवून भरायचे. जीभ चुरचुरली म्हंजी झालं."

"अहो, मग इतकी वर्षं आम्ही बरे कशानं होत होतो?"

"तुमी आपसूकच होत होता."

"मग नानांना सांगितलं का नाही?"

माईंनी बाटली पदरानं पुसून माझ्या हातात दिली. "मी मरायला टेकले तवा हे चमचा धरून रडत होते गं. अशा माणसाला तुझं औषध खोटं हाय म्हणून कोण सांगंल?"