बदरुन्निसा आपांची कंबर

जालन्यात मस्तगडला चपलांच्या दुकानाच्या वर एक हॉल आहे. तिथं ज्योत्स्ना मॅडम रोज सकाळी बायकांना योग शिकवतात. मूळच्या धावड्याच्या. लहानपणी गावच्या विहारात ध्यानाला बसायच्या, ती गोडी पुढं योगापर्यंत घेऊन आली. शहरात नाव झालं. "दुखणं शरीरात नसतं, मनात असतं," असं त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की बायकांना ते पटायचं.

वर्गात बदरुन्निसा आपा यायच्या. सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. सून नाजिया त्यांना आग्रहानं घेऊन आली होती. एका सकाळी पुढं वाकायचं आसन चालू असताना आपा थांबल्या.

"मॅडम, आज कंबर बराबर न्हाई. राहू द्या."

सगळ्याजणी बघत होत्या. मॅडम हसल्या, नेहमीचं वाक्य म्हणाल्या आणि आपांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. आपा किंचाळल्या. मणक्यातली गादी सरकली होती. त्यांना उचलून रिक्षात घालावं लागलं. त्या गेल्यावर मॅडम वर्गाला म्हणाल्या, "घाई केली त्यांनी. मी हळू वाका म्हणत होते."

बायका सतरंज्या गुंडाळायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात मॅडम भेटायला गेल्या. आपा पाठीवर पडून होत्या. शेजारची बाई आली होती. तिनं विचारलं, "कसं झालं हो हे?" आपा म्हणाल्या, "न्हाणीत पाय घसरला. नाजिया, मॅडमला चाय आण."

मॅडमनी चहा घेतला. कप ठेवून निघाल्या. जिना उतरताना आपल्याला हायसं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर ध्यानाला बसलं की श्वास दिसेना, स्वतःचे हात दिसायचे. आपा 'न्हाई' म्हणाल्या ते ऐकू आलं होतं. तरी हात दाबत गेले, कारण बायका बघत होत्या आणि ते बघणं त्यांना गोड लागत होतं. इतकी वर्षं मन शांत करायला शिकवणाऱ्या बाईला आपल्याच मनातलं हे कधी दिसलं नव्हतं.

शेवटी त्यांनी भरवर्गात सगळं सांगितलं. काहीजणी पुन्हा आल्या नाहीत. मग त्या आपांच्या घरी गेल्या आणि नाजियासमोरही तेच बोलल्या.

"आम्हाला माहीत होतं," नाजिया म्हणाली. "अम्मीनं घरात पहिल्याच दिवशी सांगितलं. तुमच्या तोंडून येईल म्हणून वाट बघून राह्यलो होतो."

मॅडमची मान वर होईना. "आपा, मंग तुम्ही खोटं का बोललात?"

"वर्ग मोडला असता. बायका आत्ता कुठं घराबाहेर पडून राह्यल्या होत्या, त्या पुन्हा घरात बसल्या असत्या."

"मला माफ केलंत?"

"मी केलं," आपा कुशीवर वळायचा प्रयत्न करत म्हणाल्या. "कंबर ऐकत न्हाई अजून."

मॅडम आधार द्यायला पुढं झाल्या, पण हात लावायचा धीर झाला नाही. नाजियानंच सासूला वळवलं.

वर्ग अजून चालतो. ध्यानानं शांती मिळते का, असं कुणी विचारलं की मॅडम खाली बघतात. "मला तरी न्हाई मिळाली," म्हणतात, आणि सतरंजी अंथरायला लागतात.