कुंकवाएवढा डाग

माझ्या टेबलावरचे कागद सकाळपासून उडतायत आणि या देशात त्याची दाद मागायला जागा नाही.

पंखा बंद केला की घाम. चालू केला की माझ्या पुस्तकाची प्रुफं थेट बेसिनमध्ये. चष्म्याची केस ठेवून बघितली, चहाचा कप ठेवून बघितला. कपाने मजकुरावर स्वतःचा गोल शिक्का मारला.

कालपर्यंत माझ्याकडे पेपरवेट होता.

टर्बाइनचं पातं. बोटभर लांब, राखाडी, दिसतं त्यापेक्षा जड. देठाजवळ टिकलीएवढा काळा डाग.

ते सुनील साळवेचं.

सुनील काल सकाळी गेला. हार्ट.

नव्वदच्या दशकात नगरच्या एमआयडीसीत माझा लग्नपत्रिकांचा प्रेस होता. शेजारच्या शेडमध्ये सुनीलची भट्टी. मेटलर्जीचा इंजिनिअर, पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेला. तेव्हाच मला त्याच्या अकलेचा संशय आला होता.

"काय बनवतोस?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"काहीच नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं टिकवतो."

मग तासभर त्याने मला समजावलं. ही पाती निकेलच्या मिश्रधातूची. ज्या धगीत ती फिरतात तिथे बाकीचे धातू नांगी टाकतात. पण तिथला गरम वायू हळूहळू यांनाही खातो.

"पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना? तसंच. फक्त ही कल्हई वरून फासायची नाही. पात्याने ती आत ओढून घ्यायची."

लोखंडी पेटीत ॲल्युमिनियमची पावडर आणि नवसागर. त्यात पाती पुरायची. झाकण लिंपायचं. भट्टीत ठेवायचं आणि गप्प बसायचं. मधे उघडून बघायची सोय नाही.

गप्प बसणं मला जमत नाही म्हणून मी त्याच्याकडे जाऊन बोलत बसायचो.

एका बड्या कंपनीने त्याला ट्रायलसाठी पाती पाठवली. पास झाला तर कायमचं काम. नापास झाला तर शेडला कुलूप, कारण हातात दुसरं काहीच नव्हतं. हे त्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला, रेखावहिनींना माहीत होतं आणि बँकेला तर फारच चांगलं माहीत होतं.

त्याने पाती घासली, धुतली, बोटाचं तेलही लागायला नको म्हणून हातमोजे घालून पांढऱ्या कापडावर मांडली. लेकरांना आंघोळ घालून ओळीत बसवावं तशी. आणि पावडर आणायला पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

शेडवर पवारमामा होते. पारनेरकडचे, वॉचमन कम सगळंच. मामांनी भट्टीची पूजा केली. पाने-पकडींची केली. मग त्यांना वाटलं, ज्याच्यावर साहेबांचा जीव टांगलाय त्याला तसंच कसं ठेवायचं?

प्रत्येक पात्याला तेलात कालवलेलं कुंकू. एकेक बोट.

आणि मग, साहेबांना स्वच्छता लागते म्हणून, उपरण्याने पुसून परत ओळीत.

सुनील आला. पाती पेटीत गेली. पेटी भट्टीत.

पेटी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. सगळी पाती छान राखाडी. आणि प्रत्येकाच्या देठाजवळ, एकाच जागी, एक डाग. तिथे लेप धरलाच नव्हता.

सुनीलने एक पातं उजेडात धरलं. मग हाक मारली.

"मामा, खंडेनवमीला पूजा कशाकशाची केली?"

"समद्याची की, सायेब! ह्या पात्यांना तर आदी. आन् पुसून बी ठिवली बगा, डाग नको म्हनून."

मी तोंड उघडलं. सुनीलने माझा हात दाबला.

"छान केलं मामा," तो म्हणाला. "चहा सांगा तिघांना."

मामा गेल्यावर मी फुटलो. "अरे, पुन्हा कर!"

"लेप उतरवताना पातं झिजतं. आणि पाती माझी नाहीत."

"मग त्या म्हाताऱ्याला निदान सांग तरी!"

"काय सांगू? तो माझ्यासाठी देवाकडे मागायला बसला होता." मग हसला. "माझ्या बापाने धर्म बदलला, घरातून कुंकू गेलं. आणि बघ, माझ्या भट्टीत येऊन बसलं."

हसत हसतच तो पाती एकेक करून परत पांढऱ्या कापडावर मांडायला लागला.

ट्रायल नापास. वर्षाच्या आत शेडला कुलूप. सुनील पुन्हा नोकरीला लागला आणि शेवटपर्यंत नोकरीतच राहिला.

निरोपाच्या दिवशी मामांनी विचारलं, "सायेब, ती पाती पास झाली व्हती न्हवं?"

"झाली ना मामा."

"मंग बंद का करताय?"

"आता कंटाळा आला."

मामा समाधानाने गावी गेले. पुढे देवाघरीच गेले.

कंपनीने ती पाती परत घेतली नाहीत. एक मी उचललं, 'चार दिवस ठेवतो' म्हणून. नंतर भेटेल तेव्हा त्याचं एकच. "लेखक, माझं पातं दे." आणि मी म्हणायचो, "अजून टिकतंय का बघतोय."

काल आयसीयूच्या काचेबाहेर उभा होतो. ज्याने आयुष्यभर आमदारापासून जावयापर्यंत सगळ्यांना सुनावलं तो मी. डॉक्टर बाहेर आले, काहीतरी इंग्रजीत बोलले. मी म्हणालो, "बरं."

एवढंच. बरं.

संध्याकाळी त्याच्या घरी बुद्धवंदना झाली. फोटोसमोर मेणबत्त्या. सगळे उठल्यावर मी खिशातून पातं काढलं आणि फोटोपाशी ठेवलं. डाग वर.

"हे काय, भावजी?" रेखावहिनींनी विचारलं.

"त्याचं आहे. माझ्याकडे राहिलं होतं."

त्यांनी ते हातात घेतलं. डागावरून अंगठा फिरवला. परत ठेवलं, तसंच.

पोचलं रे तुझं, सुनील. जा आता.